पाठकोरेबाईंची शून्य टक्के बचत

पाठकोरे हे बाईंचं आडनाव नव्हे. माहेरचंही नव्हे आणि सासरचंही नव्हे. एका बाजूने छापलेला आणि दुसऱ्या बाजूने कोरा राहिलेला जो कागद, त्याला आपण पाठकोरा म्हणतो. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळमजल्यावर, तक्रार विभागात, असा कागद टोपलीत टाकायची कोणाची छाती नव्हती. तो बाईंच्या टेबलावरच्या लाकडी ट्रेमध्ये यायचा. तिथे त्याच्या टाचण्या निघायच्या, दुमडलेले कान सरळ व्हायचे आणि मग तो पुन्हा नोकरीवर रुजू व्हायचा. त्याच्या निवृत्तीचं वय बाई ठरवत.

एका नव्या कारकुनाने पहिल्याच आठवड्यात "पाठकोरेबाईंना विचारा", "पाठकोरेबाई देतील" असं इतक्यांदा ऐकलं, की त्याने आपल्या मुलाच्या वाढदिवसाचं कार्ड 'श्री. व सौ. पाठकोरे' यांच्या नावाने पाठवलं. बाईंचे यजमान शिंपीकाम करत. सगळी आळी त्यांना टेलरमास्तर म्हणे. त्यांनी ते कार्ड वाचलं, उलटून मागची बाजू कोरी आहे का ते पाहिलं आणि म्हणाले, "चला, एवढ्या वर्षांनी मीही कोणाच्या तरी नावाने ओळखला जायला लागलो."

बाईंच्या हाताखाली कागदाला तीन जन्म होते. पहिल्या जन्मी तो रीतसर पत्र व्हायचा, आणि तोही शक्यतो पाठपोट छापलेला. दुसऱ्या जन्मी त्याच्या पाठीवर कच्चे मसुदे लिहिले जात. तिसऱ्या जन्मी त्याच्या चार चिठ्ठ्या होत: कोणाचा फोन आला होता, कोणत्या गल्लीत नळ गळतोय, कोणाच्या चहात साखर नको. त्यानंतरच तो रद्दीच्या खोक्यात जाई, आणि दर महिन्याला येणारा रद्दीवाला खोकं तोलून म्हणे, "बाई, तुमच्या रद्दीत नुसती रद्दीच असते हो. वरच्या मजल्यांच्या रद्दीत मला निम्मे कागद कोरे मिळतात. तिथे जायला मजा येते."

आलेली पाकिटं बाई चहाच्या वाफेवर धरून अलगद उकलत, आतली बाजू बाहेर घेत आणि पुन्हा चिकटवत. आत गेलेला पत्ता मग कायमचा आतच. कोऱ्या कागदाचं कपाट त्यांच्या ताब्यात होतं. राखाडी रंगाचं, एका दाराला पोक आलेलं ते लोखंडी कपाट. त्याची किल्ली बाईंच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असे. त्यांच्याकडे कोऱ्या कागदाचा गठ्ठा मागणं म्हणजे मुलीचा हात मागायला जाण्यासारखं होतं. कशाला हवा, किती दिवस टिकवणार, याआधी दिलेला कुठे आहे, घरची चालरीत काय, सगळी चौकशी व्हायची. शेवटी जेवढं मागितलं त्याच्या निम्मं मिळायचं आणि घेणाऱ्यालाच आपण फार मागितलं असं वाटायचं.

हे बाई कोणाकडून शिकल्या म्हणाल, तर ते रक्तातच होतं. वडील पुस्तकं बांधत. दुकानाच्या मागच्या खोलीत घर. कापणीयंत्रातून निघालेल्या कागदाच्या पट्ट्यांवर बाईंनी अक्षरं गिरवली, म्हणून त्यांचं अक्षर अजूनही बारीक आणि एका ओळीत लांबच लांब जाणारं. टंकलेखिका म्हणून नोकरीला लागल्या तेव्हा कार्बनपेपरचा जमाना होता. बाकीच्या मुली कार्बन फिका झाला की फेकत. बाई तो उजेडात धरून बघत आणि खिडकीबाहेरचं झाड त्यातून पान न पान दिसायला लागेपर्यंत वापरत. लग्नही असंच जमलं. एकदा कोट शिवायला टाकायला गेल्या, तर शिंपी त्यांची मापं बसच्या जुन्या तिकिटाच्या पाठीवर लिहीत होता. बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. कोट जरा घट्ट झाला, पण माणूस बरोबर मापाचा निघाला.

या संसारात एकाच व्यक्तीने तक्रार केली; ती म्हणजे त्यांची मुलगी. शाळेत तिच्या कच्च्या वह्या आईने पाठकोऱ्या कागदांच्या शिवलेल्या असत. एक दिवस गणिताच्या शिक्षिकेने वही तपासताना पान उलटलं, तर मागे त्यांचीच जुनी तक्रार निघाली: आमच्याकडे तीन दिवस पाणी नाही आणि तुमच्या कार्यालयात कोणी फोन उचलत नाही. शिक्षिकेने गणितं तपासली, खाली शेरा मारला, 'उत्तरं बरोबर. पाणी अजून आलेलं नाही.' मुलगी रडत घरी आली. बाईंनी दुसऱ्या दिवशी आधी त्या शिक्षिकेचा नळ दुरुस्त करवला, आणि त्या दिवसापासून नियम केला: ज्या कागदावर कोणाचं नाव असेल, त्याचा नावाचा भाग कापल्याशिवाय तो ट्रेमध्ये येणार नाही, आणि रद्दी होईपर्यंत कोणताही पाठकोरा कागद कार्यालयाच्या दाराबाहेर जाणार नाही. मुलीला दुकानातून नवी कोरीकरकरीत वही आली. ती तिने दोन्ही बाजूंनी, समासासकट भरली. खोड आईची होती. ती पुढच्या पिढीत पोचली होती.

अशा या बाईंच्या विभागात एके दिवशी मोठ्या साहेबांच्या सहीचं परिपत्रक आलं. विषय: कार्यालयातील कागदाचा वापर कमी करणेबाबत. चार पानी, जाड गुळगुळीत कागदावर, एकाच बाजूने छापलेलं, माणशी एक प्रत. आत काय लिहिलंय ते वाचण्याआधी बाईंनी सगळ्यांच्या प्रती गोळा केल्या, एक भिंतीवर लावली आणि बाकीच्या ट्रेमध्ये जमा केल्या. मग भिंतीसमोर उभ्या राहून वाचायला लागल्या.

इमारतीतल्या सगळ्या विभागांची स्पर्धा होती. येता महिना पायाचा महिना. त्या महिन्यात प्रत्येक विभाग माणशी किती कोरा कागद वापरतो ते मोजायचं, आणि पुढचं वर्षभर त्याच्याशी ताडून बघायचं. जो विभाग सर्वांत जास्त टक्के बचत करेल त्याला पितळी ढाल. जो सर्वांत कमी करेल, त्याचं कागदाचं कपाट काढून मध्यवर्ती भांडारात जमा. मग त्या विभागाने एकेका गठ्ठ्यासाठी तीन सह्यांचा अर्ज घेऊन भांडाराच्या खिडकीशी उभं राहायचं.

विभागप्रमुख भाऊसाहेबांनी हात चोळले. भाऊसाहेब मनाने चांगले, पण आयुष्यभर कोणत्या ना कोणत्या निकालाला घाबरलेले. या वेळी मात्र त्यांना भीती वाटेना. ढाल कोणत्या भिंतीवर लावायची यावर ते बोलायला लागले. तेवढ्यात कॉम्प्युटरवर बसणारी मुलगी, जिला विभागात सगळे छोटी म्हणत, तिने परिपत्रक पुन्हा एकदा वाचलं आणि हळूच म्हणाली, "बाई, लठ्ठ माणूस एक वेळ वजन उतरवेल. आपल्या अंगावर उतरवायला आहे काय?"

गणित सोपं होतं आणि म्हणूनच भयंकर होतं. आधीच कमीत कमी वापरणाऱ्याने आणखी कमी काय वापरायचं? जो उधळत होता त्याला बचत करायला रान मोकळं होतं. तक्रार विभाग शेवटचा येणार हे त्या क्षणी नक्की झालं. बाईंनी एकदा कपाटाकडे पाहिलं आणि पर्सची चेन उगाचच उघडून बंद केली.

तिसऱ्या मजल्यावर वसुली विभाग होता आणि त्याचे प्रमुख होते तात्या. हे गणित तात्यांना छोटीच्याही आधी कळलं होतं. पायाचा महिना लागला तशी वरच्या छपाईयंत्राची घरघर सुरू झाली. एकच यादी तीनतीनदा छापली जाऊ लागली. डबा कोण कधी खाणार याचं वेळापत्रक माणशी एका कागदावर निघालं. शिपाईमामा वर टपाल द्यायला जात आणि खाली येऊन जड आवाजात बातम्या सांगत, जसं काही वर कोणी आजारी होतं. जिन्यात तात्या भेटले तेव्हा बाईंना म्हणाले, "बाई, सध्या आम्ही पोटभर जेवून घेतोय. पुढच्या महिन्यापासून उपास. तुम्ही पण दोन घास खाऊन घ्या, ऐका माझं."

भाऊसाहेबांनीही तेच ऐकवायला सुरुवात केली. एक महिना, फक्त एक महिना हात सैल सोडा. आपण काय चोरी करतोय का? आपल्या हक्काचा कागद आहे. तुमचं कपाट वाचावं म्हणूनच सांगतोय. बाई तीन दिवस ऐकून घेत राहिल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी घरी त्यांनी टेलरमास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर सुईत दोरा ओवत होते. त्यांनी बाईंना उपदेश केला नाही. "मला कोणी म्हणालं, एक शर्ट मुद्दाम बिघडवून दाखव, तर मी बसेन बापडा कापायला," ते म्हणाले. "पण कात्री ऐकेल का, ते तिला विचारावं लागेल."

"माझी कात्री मी बघते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी विभागातल्यांनी जे पाहिलं त्यावर त्यांचा विश्वास बसेना. बाईंनी कपाट उघडलं आणि प्रत्येकाच्या टेबलावर पांढऱ्याशुभ्र कागदाची चळत आणून ठेवली. चौकशी नाही, निम्मं करणं नाही. ट्रे उचलून कपाटामागे नेऊन ठेवला. "आज मोकळीक आहे," त्या म्हणाल्या. "उधळा."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. पाहुण्यांच्या घरी पहिला घास कोणी घ्यायचा, तसा अवघडलेपणा. भाऊसाहेबांनी पुढाकार घेतला. एक कोरा कागद ओढला, वर मधोमध आपली सही केली आणि तो बाजूला टाकला. मग दुसरं काहीतरी लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता हात आपोआप त्या सहीच्या कागदाकडे गेला, तो उलटा झाला, आणि मसुदा त्याच्या पाठीवर सुरू झाला. अर्धं पान भरल्यावर त्यांच्या ते ध्यानात आलं.

छोटीने यंत्राला हुकूम दिला: एका तक्रारपत्रकाच्या वीस प्रती, एकाच बाजूने. यंत्र धावू लागलं. तीन प्रती निघाल्या, पाच निघाल्या. तिने बटण दाबून यंत्र थांबवलं, निघालेले कागद उलटे करून परत आत घातले आणि कोणी पाहिलं का म्हणून मान वर केली. सगळेच पाहत होते.

शिपाईमामांना एक कागद टराटरा फाडायला सांगितलं होतं. त्यांनी तो हातात घेतला, उजेडात धरला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि मग फाडला; पण इतक्या सरळ रेषेत फाडला, की चार नेटक्या चिठ्ठ्या तयार झाल्या. त्या त्यांनी फोनशेजारी नेऊन ठेवल्या.

राहिल्या बाई. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि मुठीत चुरगाळला. कागदाचा तो आवाज त्यांना कपड्याला आग लागल्यासारखा वाटला. मग टेबलावर ठेवून तळहाताने तो कागद सरळ करायला लागल्या. कडा, कोपरे, मधली घडी. चुणी काही जाईना. बाई सरळ करतच राहिल्या.

संध्याकाळी हिशेब असा निघाला, की उधळलेला एकूण एक कागद कसाबसा चालत बाईंच्या ट्रेमध्ये येऊन पोचला होता. ट्रे कपाटामागे लपवला होता, तरी लोकांनी तो शोधून काढला होता. आता पुढे कितीतरी दिवस मसुद्यांना पाठकोऱ्या कागदाची चणचण पडणार नव्हती. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

बाईंनी सगळ्यांच्या टेबलांवरच्या चळती गोळा केल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्ही माझ्या धाकाने करताय," त्या म्हणाल्या.

"धाक होता की बाई," शिपाईमामा म्हणाले. "तो गेला कधी, ते कळलंच नाही."

बाईंनी कपाटाला कुलूप लावलं. भाऊसाहेबांनी शेवटचा प्रयत्न म्हणून सुचवलं, की दोनचार गठ्ठे आपण नुसतेच कुठेतरी नेऊन ठेवू आणि वापरात धरू. बाईंनी त्यांच्याकडे जो कटाक्ष टाकला, त्यानंतर भाऊसाहेब पाणी प्यायला गेले. वापरला नाही तो कागद वापरला म्हणून लिहायचा, तर तक्रार विभागावरच तक्रार करावी लागेल, एवढंच त्या म्हणाल्या. जायचं असेल तर जाऊ दे कपाट. पण हे बोलताना त्यांनी कपाटाच्या पोक आलेल्या दारावर हात ठेवला होता, आणि तो लवकर काढला नाही.

वर्ष सरलं. निकाल लागला तो अपेक्षेप्रमाणेच. सभागृहात टाळ्यांच्या कडकडाटात तात्यांनी ढाल घेतली. तक्ता भिंतीवर लागला. सर्वांत वर वसुली, आणि सर्वांत खाली, टाकीच्या तळाशी गाळ बसावा तसा, तक्रार विभाग: शून्य टक्के. बाईंनीही टाळ्या वाजवल्या. अगदी मोजक्या, वाया न घालवता.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या साहेबांकडून पत्र आलं. आपल्या विभागाची बचत शून्य टक्के का, याचा लेखी खुलासा तीन प्रतींत सादर करावा. अन्यथा नियमाप्रमाणे कपाट जमा करून घेण्यात येईल. भाऊसाहेबांना घाम फुटला. खुलाशाचा मसुदा ते करायला बसले, त्याची सुरुवातच "आम्ही दिलगीर आहोत" अशी होती. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "दिलगीर कशाबद्दल? आणा इकडे ते साहेबांचं पत्र."

त्यांनी साहेबांचं पत्र उलटं केलं. पाठ कोरीच होती. तिथे आपल्या बारीक अक्षरात त्यांनी लिहिलं: 'आम्ही बचत केली नाही, कारण वाया जात नव्हतं. खात्री करायची असल्यास कपाट पाहावे. किल्ली सोबत पाठवली आहे. तीन प्रती काढल्या असत्या तर आमची बचत शून्याच्याही खाली गेली असती, म्हणून एकच.' भाऊसाहेबांनी सही करताना डोळे मिटले होते. पत्र आणि किल्ली एका उलटवलेल्या पाकिटात घालून शिपाईमामांच्या हाती वर गेली.

त्यानंतरचे दोन दिवस बाईंचा हात सारखा पर्सच्या आतल्या कप्प्याकडे जाई आणि रिकामा परत येई. छोटीने ते पाहिलं. चहा आणून ठेवला.

मोठे साहेब तळमजल्यावर सहसा येत नसत. आले, तर लिफ्ट बंद पडली असं समजायचं. तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा लिफ्ट चालू होती. त्यांच्या एका हातात ते पत्र होतं आणि दुसऱ्या हातात किल्ली. कोणाशी न बोलता त्यांनी कपाट उघडलं. आत गठ्ठे ओळीने, त्यांची वेष्टनं घडी करून वेगळी ठेवलेली, टाचण्या एका डबीच्या झाकणात. मग ते ट्रेकडे वळले, वरचे चारपाच कागद उलटसुलट करून पाहिले, फोनशेजारची चिठ्ठी वाचली. भाऊसाहेबांना विचारलं, यंदा एवढाच लागला? मागच्या वर्षी? त्याच्या आधी? भाऊसाहेब म्हणाले, की साहेब, मी आलो तेव्हापासून एवढाच लागतोय.

साहेब खुर्चीत बसले आणि हसायला लागले. चांगले मोठ्याने. "गणित माझंच होतं," ते म्हणाले. "वजन उतरवायची शर्यत लावली, आणि जो रोज व्यायाम करत होता त्यालाच शेवटचा नंबर दिला."

किल्ली त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी ती लगेच उचलली नाही. साहेब निघून जाईपर्यंत तिच्यावर नजर ठेवून बसल्या. दिलेली ढाल परत मागणं काही बरं दिसलं नसतं, ती वरच राहिली. पण साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि त्याच पत्रावर, बाईंच्या उत्तराखाली उरलेल्या जागेत, आडवातिडवा मजकूर लिहून सही केली: पुढील वर्षापासून पायाचा महिना रद्द. तक्रार विभाग माणशी जेवढा कागद वापरतो, ते सर्व विभागांचं माप.

हा आदेश दुपारपर्यंत चारही मजल्यांवर पोचला आणि जिन्यातून आवाज यायला लागले. नकाशे विभाग म्हणाला, हे अशक्य आहे. आस्थापना विभाग म्हणाला, आम्ही आता काय पाटी-पेन्सिल घ्यायची? तात्या तर स्वतः खाली आले. ढालीचा विजय अजून पुरता अंगी लागला नव्हता तोच ही पाळी. "हे माप म्हणायचं की छळ, बाई?" ते म्हणाले. "तुमच्या मापाचा सदरा आम्ही घातला तर टराटरा फाटेल."

बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. रागावलेल्या माणसाला खुर्ची दिली की त्याला बसावंच लागतं. मग त्यांनी एक वापरलेलं पाकीट तात्यांपुढे ठेवलं, वाफाळता कप शेजारी सरकवला आणि विचारलं, पाकीट उलटं करता येतं का? तात्यांनी तोंड वाकडं केलं. पहिलं पाकीट फाटलं. दुसरंही फाटलं. तिसऱ्याच्या वेळी ते जीभ बाहेर काढून, श्वास धरून कडा उकलत होते आणि खाली कशासाठी आलो होतो ते विसरले होते.

बाई घरी पोचल्या तेव्हा टेलरमास्तर पायजम्याला काजं करत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं.

"काय गं, ढाल मिळाली की काय?"

"छे. ढाल वरच्यांकडेच आहे."

"मग चेहरा एवढा कशाने फुललाय?"

"अहो," चपला काढता काढता बाई म्हणाल्या, "आज आख्खी इमारत मला शिव्या घालतेय."

मास्तरांनी सुई कापडात खोवली आणि ते नीट सावरून बसले. "सगळे मजले?"

"सगळे."

हे बाईंनी अशा सुरात सांगितलं, की भिंतीपलीकडची शेजारीण पदराला हात पुसत दारात आली आणि सासरी गेलेल्या मुलीकडून काही गोड बातमी आहे का, म्हणून विचारायला लागली.